आईचं ‘हे’ बंद पडलं

घरात एखादी गोष्ट बरी चाललेली असेल तर ती दुरुस्त करू नये, हे मी आता छाती ठोकून सांगतो. छाती अशासाठी, की डोकं ठोकून झालंय, कपाळ बडवून झालंय, आता तेवढीच एक जागा शिल्लक आहे.

सुरुवात नोटिशीनं झाली. आमच्या इमारतीच्या समितीचे सचिव आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात. निवृत्त आहेत. निवृत्त माणसाचे कान फार तिखट होतात, कारण कामाला लावायला दुसरं काही उरलेलं नसतं. त्यांनी मला लेखी कळवलं, की आपल्या मुख्य दाराच्या बिजागऱ्यांतून रोज सायंकाळी उत्पन्न होणाऱ्या कर्कश ध्वनीमुळे खालील रहिवाशांस बातम्या ऐकण्यात व्यत्यय येतो, तरी योग्य ती कार्यवाही करावी.

‘योग्य ती कार्यवाही’ वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर कारकून आहे. ते शब्द माझे आहेत! लोकांच्या नळाला पाणी येत नाही तेव्हा मी त्यांना हेच लिहून पाठवतो, आणि त्याचा अर्थ काय होतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. काहीही होत नाही, असा होतो. पण सचिवांना खरोखरच काहीतरी व्हायला हवं होतं. असल्या माणसांनी सरकारी शब्द वापरू नयेत.

आमचं दार बाबांच्या वेळेपासून करकरायचं. खाली जमिनीला घासायचंही. बाबा कामावरून आले की आधी धप् करून घासल्याचा आवाज, मग लांबलचक करकर. आई एकदोनदा म्हणाली होती की सुताराला बोलवा, त्यावर बाबा म्हणाले होते, “बोलतंय तर बोलू दे की त्याला. घरात दुसरं कोण बोलतं माझ्याशी?” त्यावर आई आठवडाभर खरंच बोलली नव्हती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, दार बोलत राहिलं.

मी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि तिन्ही बिजागऱ्यांत रिकामी केली. हात लागलाच आहे म्हणून दाराची खालची कड कानसेनं घासून काढली. दार असं हलकं झालं की फुंकर मारून उघडावं. मी ते पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं. कारकुनाच्या आयुष्यात असं काही फारसं घडत नाही, की हाताखालून काम निघालं आणि ते झालंसुद्धा. सचिवांनी आभार मानले नाहीत. तक्रारदार कधीच मानत नाही, हे मला टेबलामुळे माहीत होतं. तरी लागलं.

आता आईबद्दल सांगतो. आईला विसरायला होतं. ‘वयामुळे होतं तसं’ असं लोक म्हणतात, ते लोक गाढव आहेत. मीही म्हणायचो, म्हणून अधिकारानं सांगतोय. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयामुळे होतं. चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं.

डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर तरुण, केस ओले, घाईत. त्यांनी आईला तीन शब्द सांगितले आणि म्हणाले, “आजी, लक्षात ठेवा हं, थोड्या वेळानं विचारतो.” मग इकडचं तिकडचं बोलून विचारले. आईला एकही सांगता आला नाही. मला दोन आले. तिसरा मी मनातल्या मनात शोधत राहिलो आणि घाम फुटला. मग त्यांनी विचारलं, “आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?”

“हे,” आई म्हणाली.

“नाव, आजी. नाव.”

“हेच की.”

डॉक्टरांनी कागदावर शून्य काढलं. मी म्हणालो, “अहो डॉक्टर, तिनं जन्मात कधी बाबांचं नाव घेतलेलं नाही. ठणठणीत होती तेव्हाही हेच उत्तर मिळालं असतं. याचे मार्क कापू नका.”

“मार्क नसतात हे,” डॉक्टर म्हणाले. पण शून्य खोडलं नाही.

तरी त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. विसरणं उलट्या बाजूनं येतं. काल झालेलं आधी जातं, जुनं मागाहून. आणि हातापायांना जे कळलेलं असतं, ते सगळ्यात शेवटी. “नाव विसरेल माणूस, पण बटण लावायला विसरत नाही लवकर.” मी मान डोलावली. तक्रारीच्या टेबलावर मी जशी डोलावतो तशी.

तर आईचे शब्द एकेक करून गेले आणि त्या सगळ्यांच्या जागी एकच शब्द कामाला लागला. हे. ‘ते हे दे’ म्हणजे पेला. ‘ह्याला हे लाव’ म्हणजे डब्याला झाकण. ‘हे फार आहे आज’ म्हणजे ऊन. घरात एकटा कर्ता माणूस उरला की सगळी कामं त्याच्यावर पडतात, तसं त्या शब्दाचं झालं. आणि मुळात तो शब्द होता कुणाचा? बाबांचा. ‘हे आले’, ‘हे जेवले’, ‘ह्यांना विचारते’. तिच्या तोंडून जाता जाता जो शब्द राहिला तो हाच, आणि आम्हाला वाटायचं तिला शब्द आठवत नाही.

बाबा गेलेत हे मी तिला सुरुवातीला सांगत असे. ‘हे कुठायत?’ म्हणाली की खरं ते सांगायचं, असं माझं तत्त्व. प्रत्येक वेळी तिच्यासाठी ते पहिल्यांदाच गेलेले असायचे. तत्त्व गेलं चुलीत. मग मी ‘येतील’ म्हणायला लागलो. ‘योग्य ती कार्यवाही’सारखंच आहे ते, पण त्यानं ती रडत नसे.

तेल घातलं त्यानंतर आईचं संध्याकाळचं जेवण बंद झालं. त्याआधी मी कामावरून आत येईपर्यंत ती उठलेली असायची, मी हातपाय धुऊन येईपर्यंत दोन ताटं मांडलेली असायची, आणि आम्ही जेवायचो. मला वाटायचं, मी आलो म्हणून ती उठते. माणसाला असं वाटतं. आता मी आत येऊन उभा राहिलो तरी ती खाटेवर दाराकडे तोंड करून बसलेली. ताट समोर नेलं की हातानं बाजूला सारायची.

“थांब. अजून नाही.”

“कशाला थांबायचं आई?”

“ते हे बंद पडलंय ना. दुरुस्त करून आण आधी.”

सकाळचा चहा आणि दुपारी समोरच्या वहिनी बळेबळे भरवतील तेवढे चार घास, यावर माणूस किती टिकणार? आईचे कपडे तिला ढगळ व्हायला लागले. दुसऱ्या गावाहून ताईचा फोन आला. ताई माझी मोठी बहीण. ती फोनवर नेहमी आधी रडते आणि मग हुकूम सोडते.

“तुला झेपत नाहीये. इथे एक संस्था आहे, तिथे नळीनंसुद्धा भरवतात. महिनाअखेर येते आणि तिला घेऊन जाते.”

“नळीनं कशाला? तोंड आहे तिला.”

“मग जेवव की!”

असं सोपं होतं ते. ‘हे’ दुरुस्त करायचं, आई जेवेल, ताई येणार नाही. फक्त ‘हे’ म्हणजे काय, तेवढं शोधायचं होतं.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, “बंद पडलंय म्हणजे घड्याळ असणार. दुसरं काय बंद पडतं?” भिंतीवरचं घड्याळ खरंच बंद होतं. ते चालू करून आणलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे नव्हे.” सचिव जिन्यात भेटले, म्हणाले, “रेडिओ असेल. जुन्या माणसांना रेडिओ लागतो.” माळ्यावरून रेडिओ काढला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, आत झुरळांचं तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब निघालं. रेडिओ बोलला. आई म्हणाली, “हे नव्हे, बाई.” कचेरीतले साहेब म्हणाले पंखा. माझ्या शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “वाटणाचं यंत्र बघ, बायकांचा जीव त्यात असतो.” त्याची बायको त्याला सोडून गेली आहे, तरी मी ऐकलं. यंत्र उघडलं, परत जोडलं, सुरू केलं, आणि इमारतीची वीज गेली.

सल्ला देणाऱ्याचं काय जातं? या सगळ्यांत एकही जण संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसला नाही. चूक झाली, वहिनी बसल्या. पण त्याही सल्ला द्यायला तोंड उघडायच्या तेव्हा उठून उभ्या राहायच्या, सल्ला बसून देता येत नसल्यासारख्या.

शेवटी मी स्वयंपाकघरातला नळ हातात घेतला. पाणीपुरवठ्याचा माणूस आहे मी, दुसऱ्याला कशाला बोलवायचं? नळ माझ्या हातात आला. अक्षरशः. पाणी जमिनीवरून भिंतीत, भिंतीतून सचिवांच्या दूरदर्शन संचात. दुसरी नोटीस. तिच्यात ‘कार्यवाही’ हा शब्द दोनदा होता.

त्या गोंधळात, गुडघे टेकून मी फडक्यांनी पाणी टिपत असताना, आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “दार. दार बंद पडलंय.”

केवढा मोठा शब्द सापडला होता तिला! कुठून ओढून आणला असेल! आणि मी काय म्हणालो?

“हो आई, दार बंदच आहे. कडी लावलीय मी. घाबरू नकोस.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तक्रारीच्या टेबलापलीकडून लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, अगदी तशाच.

ट्यूब पेटली ती दोनतीन संध्याकाळींनंतर. मी भरल्या ताटाशेजारी बसलो होतो. समोर वहिनींचे यजमान घरी आले, त्यांचं दार वाजलं. बारीक, किनरं. आईची मान झटकन वर झाली. पाय खाटेखाली उतरले. हातानं तिनं केस सारखे केले. मग कान देऊन ऐकलं आणि पाय पुन्हा वर घेतले.

“नाही,” ती म्हणाली. “हे नव्हेत.”

‘हे नव्हे’ नाही. ‘हे नव्हेत.’

माझ्या हातातला घास तसाच राहिला. घड्याळ नव्हे, रेडिओ नव्हे, नळ नव्हे. माझं दुरुस्त केलेलं, तेल पाजलेलं, फुंकरीनं उघडणारं दार बंद पडलं होतं. रोज संध्याकाळी ती मी आलो म्हणून उठत नव्हती. दार वाजायचं आणि तिच्या घरात हे यायचे. ताटं त्यांच्यासाठी मांडली जायची. मी आयताच जेवून जात होतो.

वाईट वाटलं का? राग आला. मी तिचं अंथरूण धुतो, केस विंचरतो, नखं कापतो, आणि ती उठते बिजागरीसाठी! अर्धा तास मी त्या दाराकडे सवतीकडे बघावं तसा बघत होतो. मग तिचं काडीसारखं झालेलं मनगट पाहिलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

“बिजागऱ्या पाहिजेत. करकरणाऱ्या.”

दुकानदारानं चष्मा कपाळावर नेला. “न करकरणाऱ्या आहेत.”

“नको. आवाज करणाऱ्याच.”

“मग याच घेऊन जा आणि वाट बघा.”

“किती?”

“ते तुमच्या नशिबावर. आम्ही हमी देतो ती न वाजण्याची, साहेब. वाजण्याची हमी कुणी देत नाही.” आणि मी बाहेर पडताना त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारून माझ्याकडे बोट केलेलं मला काचेत दिसलं.

मग सुरू झाला उलटा कारखाना. बिजागऱ्या रॉकेलनं धुतल्या, साबणानं धुतल्या. मिठाचं पाणी शिंपडलं, राख घातली. रोज संध्याकाळी बाहेर जायचं, दार उघडून आत यायचं आणि निकाल ऐकायचा. पहिल्या दिवशी बकरीसारखा आवाज आला. आई म्हणाली, “कोण आलंय बघ रे, बिलवाला दिसतो.” दुसऱ्या दिवशी दार शिंकल्यासारखं वाजलं. “पाहुणे असतील, सांग घरात कोणी नाही.” तिसऱ्या दिवशी आवाज बरा होता, मला वाटलं पास. आईनं कान दिला, श्वास धरला. मीही धरला.

“हे नव्हेत,” ती म्हणाली. “यांना हे येत नाही.”

मी जिन्यात उभा राहून आठवायला लागलो. इतकी वर्षं मी ते दार उघडत आलो होतो, कसं उघडायचो? आधी किल्ली की आधी ढकलणं? खांदा की हात? आठवेना. डॉक्टरांचा तिसरा शब्द आठवेना तसंच. आईला शून्य देणाऱ्या त्या कागदावर माझंही नाव लिहायला हवं होतं.

तेवढ्यात तिसरी नोटीस आली आणि मला समितीच्या सभेला बोलावलं. कामावरून परस्पर गेलो, हातात पिशवी तशीच. सचिवांनी प्रकरण मांडलं.

“ध्वनी बंद केल्यावर सदर सभासद तो पुन्हा मुद्दाम उत्पन्न करीत आहेत. दार मुद्दाम करकरवण्याची नियमांत तरतूद नाही.”

“माझी आई जेवत नाही,” मी म्हणालो.

“त्याबद्दल समितीला सहानुभूती आहे. डॉक्टरांचा दाखला आणा, की ध्वनी औषधोपचाराचा भाग आहे.”

“विचारलं मी डॉक्टरांना. ते म्हणाले, कुरकुर थांबवायचं औषध लिहून देता येतं, सुरू करायचं नाही.”

कुणीतरी हसलं. सचिवही हसले, आणि माझा तोल सुटला.

“हसा,” मी म्हणालो. “साहेब, तुमच्या बातम्या रोज त्याच असतात. कालच्या विसरलात तरी आजच्या ऐकून भागतं. आमच्या घरात संध्याकाळी एकच बातमी यायची. हे आले. म्हातारी तेवढ्यावर जगत होती. ती तुम्ही बंद केलीत, आणि मी मूर्ख, मीच स्वतःच्या हातानं केली. आता ती सुरू करायला दाखला मागता? उद्या तुमची बायको तुमची वाट बघायला लागली तर तिच्याकडेही दाखला मागा!”

मग सचिव म्हणाले, “विषय पुढील सभेत घेऊ.” समितीत अश्रूंनाही पुढची तारीख मिळते.

मी तडक जिना चढलो. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. पिशवी या हातात, किल्ली त्या हातात, तोंडात सचिवांसाठी न सांगण्यासारखे शब्द. मिठाच्या पाण्यानं माझं दार फुगलं होतं, खाली पुन्हा घासायला लागलं होतं, याचं भान मला कुठलं? किल्ली फिरवली, दार अडलं, आणि अडलं म्हणून माझा गुडघा आपोआप वर आला, दारावर खालच्या बाजूला बसला आणि खांदा मागून गेला.

धप्. आणि मग लांबलचक, कण्हत कण्हत, करर्र.

मी उंबऱ्यातच थिजलो. हा माझा गुडघा नव्हता. पिशवी असलेल्या माणसाचा होता. बाबा असेच यायचे, एक हात अडकलेला, गुडघ्यानं दार सारत. मला ते कुणी शिकवलं नव्हतं, मी कधी बघत बसलो नव्हतो. शोधत होतो तेव्हा सापडलं नाही. रागात सगळं विसरलो, तेव्हा पायाला आठवलं.

आत खाट करकरली. पावलं वाजली. ताटांचा आवाज आला, एक, मग दुसरं.

“आज उशीर केलात,” आई म्हणाली.

‘केलास’ नाही.

मला बोलता आलं असतं. ‘आई, मी आहे गं,’ एवढंच म्हणायचं होतं. महिनाभर मी त्यासाठीच मरत होतो, की हिनं माझ्याकडे बघावं. ती बघत होती. इतक्या नीट तिनं माझ्याकडे कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. फक्त बघत होती ती माझ्याकडे नाही.

“झाला थोडा,” मी म्हणालो आणि हात धुऊन बाबांच्या जागेवर बसलो.

आई जेवली. आधी मला वाढलं, मग स्वतः घेतलं. घास मोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. नळी नाही, बळजबरी नाही. मी मोजत नव्हतो, पण थांबवलंही नाही. खालच्या मजल्यावर बातम्या लागल्या होत्या.

मध्येच तिनं दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि माझ्याकडे वाकून आवाज खाली आणला.

“अहो, त्या कार्ट्याला जरा सांगा.”

“काय सांगू?”

“दाराला तेल घातलं त्यानं. आपल्या दाराला! घरातलं एकेक दुरुस्त करत सुटलाय नुसता.”

आजचा वार तिला माहीत नव्हता. सकाळी चहा घेतला की नाही, माहीत नव्हतं. आणि हे बरं लक्षात राहिलं होतं.

“सांगतो,” मी म्हणालो.

“रागावू नका पण. मनानं वाईट नाही तो. त्याला कळत नाही एवढंच.”

“नाही रागावत.”

ती पुन्हा जेवायला लागली. दोन घास खाल्ले, आणि हात ताटातच थांबला.

“दिवसभर राबतो हो. जेवला असेल का तो?”

माझ्या तोंडात घास होता.

“जेवतोय,” मी म्हणालो.